जॉन हाउलंडचं घराणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉस्टनजवळ राहत असल्यामुळे भारतातून आलेल्या पाहुण्यांना प्लिमथ दाखवायचं काम ठरल्यासारखं माझ्याकडे येतं. तासाभराचा रस्ता. किनाऱ्यावरचा तो १६२० आकडा कोरलेला खडक पाहून प्रत्येकाचा हिरमोड होतो. ‘एवढासा?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो ऐकू येण्याआधीच मी मंडळींना सँडविच स्ट्रीटवरच्या एका जुन्या लाकडी घराकडे वळवते. तिथून पुढे मात्र प्रश्न थांबत नाहीत. सासूबाईंपासून भाच्यांपर्यंत सगळे तेच विचारतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली.

हा जॉन हाउलंड कोण? नाव कधी ऐकलं नाही.

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून इंग्लंडहून आलेल्या १०२ उतारूंपैकी एक. हंटिंग्डनशर परगण्यातल्या फेनस्टँटन गावचा. बापाचं नाव हेन्री, आईचं मार्गारेट. निघाला तेव्हा ऐन विशीतला असावा. स्वतःचं भाडं भरून आलेला नव्हता. जॉन कार्व्हर नावाच्या सधन गृहस्थाचा नोकर म्हणून आला. हाच कार्व्हर पुढे या मंडळींनी प्लिमथला वसवलेल्या वसाहतीचा पहिला गव्हर्नर झाला. हाउलंड मात्र कधी गव्हर्नर झाला नाही, त्यानं ग्रंथ लिहिला नाही, लढाई गाजवली नाही. शेती केली, गुरं सांभाळली, बीव्हर या केसाळ प्राण्याच्या कातड्यांचा व्यापार पाहिला, पंचात बसला, दहा मुलं वाढवली आणि ऐंशीच्या पुढे जाऊन वारला. अशा माणसाचं घराणं चारशे वर्षं शोधता येतं, मला त्याचंच नवल वाटतं.

तो भर समुद्रात पडला होता म्हणे. खरं का?

खरं. वसाहतीचा पुढचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यानं स्वतः लिहून ठेवलंय. वादळात जहाज वाऱ्यावर सोडून दिलेलं, सगळे खाली कोंबलेले. हा पठ्ठ्या काही कारणानं वर डेकवर आला आणि जहाज कलंडलं तसा थेट पाण्यात गेला. वरच्या शिडाचा दोर नेमका बाहेर पाण्यात लोंबत होता. तो त्याच्या हाताला लागला आणि कित्येक वाव पाण्याखाली जाऊनही त्यानं तो सोडला नाही. मग दोर ओढून त्याला पृष्ठभागावर आणलं आणि आकडी घालून जहाजावर घेतलं. थोडा आजारी पडला, पण वाचला.

चित्रकारांना हा प्रसंग फार आवडतो. माझ्या भाच्यानं तर घरी जाऊन त्याचं चित्रच काढलं. पण घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला या दोराचा काही उपयोग नाही. त्याला लागतो कागद, आणि कागदाची गोष्ट सुरू होते जमिनीवर पाय टेकल्यानंतर.

नोकर म्हणून आला आणि शेतकरी कसा झाला?

पहिल्या हिवाळ्याने. हे ऐकायला वाईट वाटतं, पण तसंच आहे.

१६२०-२१च्या थंडीत आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक मेले. एप्रिल १६२१मध्ये शेतात काम करताना कार्व्हरच्या डोक्यात कळ आली आणि काही दिवसांत तो गेला. थोड्याच आठवड्यांत त्याची बायकोही गेली. त्यांना मूलबाळ उरलेलं नव्हतं. मालक गेला, चाकरी संपली, आणि कार्व्हरच्या घरातल्या उरल्यासुरल्या माणसांत कर्ता पुरुष राहिला हाउलंड.

१६२३मध्ये वसाहतीनं सामाईक शेती मोडून माणशी एक एकर जमीन वाटली. हाउलंडच्या वाट्याला चार एकर आले, बहुधा असे: एक त्याचा, एक एलिझाबेथ टिली या मुलीचा, एक डिझायर मिंटरचा आणि एक विल्यम लेथम नावाच्या पोराचा. एकाच छपराखाली राहणारी ही माणसं एकमेकांची रक्ताची कोणी नव्हती. मेलेल्यांच्या घरातून जे वाचले ते एकत्र राहिले. पुढे डिझायर मिंटर इंग्लंडला परतली आणि तिथेच वारली. लेथमही वीसेक वर्षांनी परत गेला आणि तिथून बहामा बेटांवर जाऊन उपासमारीनं मेला. एलिझाबेथशी हाउलंडनं लग्न केलं. त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव डिझायर. आता ते नाव कुणावरून ठेवलं असेल, हे मी पाहुण्यांनाच ओळखायला सांगते.

ते पिकवत काय होते?

मुख्य मका. सोबत आणलेलं बियाणं फारसं लागलं नाही. १६२१ साली सुमारे वीस एकर मका लावला आणि सहाएक एकरांवर जव आणि वाटाणा पेरला. वाटाणा फुलावर आला आणि उन्हानं करपला. मका साधला, कारण तो कसा लावायचा हे टिस्क्वांटम या तिथल्या मूळनिवासी माणसानं दाखवलं: मातीचा उंचवटा करायचा, त्यात नदीवर चढणारे मासे खत म्हणून पुरायचे, वर दाणे टाकायचे. कोकणातल्या आमच्या काकूंना यात काहीच विशेष वाटलं नाही. त्यांच्या माडाच्या आळ्यात मासळीचंच खत जातं.

‘रॅगहॉर्न’ ही काय भानगड आहे?

गाय. माझी या सगळ्या इतिहासातली सर्वांत लाडकी व्यक्ती.

वसाहतीत पहिली तीन-चार वर्षं गुरंच नव्हती. १६२४मध्ये तीन कालवडी आणि एक वळू जहाजातून आले, पुढे आणखी आली. २२ मे १६२७ रोजी सगळ्या गुरांची वाटणी झाली. तोवर वस्ती १५६ माणसांची होती. तेरा-तेरा जणांचे बारा गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्या. चौथी चिठ्ठी ‘जॉन हाउलंड आणि मंडळी’ यांची. त्यांना ‘जेकब’ जहाजातून आलेल्या चार कालवडींपैकी रॅगहॉर्न नावाची मिळाली. तिच्या बहिणींची नावंही नोंदवलीत: एक ‘धाकटी’, एक ‘आंधळी’, एक ‘गुळगुळीत शिंगांची’. आपल्या गोठ्यात कपिली, मोरी, बांडी असतात तसंच.

अट काय होती, तर गुरं दहा वर्षं सांभाळायची. मुदत संपली की मूळ जनावर आणि झालेल्या वाढीतला अर्धा भाग सगळ्यांच्या मालकीचा, उरलेला अर्धा सांभाळणाऱ्यांचा. आपल्याकडे खेड्यात गाय किंवा शेळी अर्धलीनं देतात तोच व्यवहार. हे मी सांगितलं की शेती पाहिलेले पाहुणे एकदम सैलावतात. तोवर त्यांना सगळं परकं वाटत असतं.

आता महत्त्वाचं. त्या वाटणीच्या कागदावर तेराही जणांची नावं आहेत, अगदी तान्ह्या मुलांसकट, कारण तान्ह्यालाही वाटा होता. हाउलंडच्या गटात जॉन, एलिझाबेथ, लहान डिझायर आणि त्याहून लहान जॉन ज्युनियर आहेत. त्याच गटात जॉन आणि प्रिसिला ऑल्डन हे शेजारी आणि त्यांची पोरं. म्हणजे १६२७च्या मे महिन्यात हाउलंडना दोन मुलं होती, हे आपल्याला एका गायीमुळे ठाऊक आहे. वसाहतीतली त्या वर्षांतली जन्मनोंदवही हातात नसताना गुरांच्या वाटणीचा हा कागद शिरगणतीचं काम करतो. आपल्याकडे एखाद्या पणजोबांचा पत्ता जन्मदाखल्यात लागत नाही आणि फेरफारात लागतो, त्यातलाच प्रकार.

एलिझाबेथ गव्हर्नरची नात होती ना? काही जुन्या पुस्तकांत तसं आहे.

नव्हती. ही चूक सुमारे दोनशे वर्षं चालली आणि कशी सुटली ते ऐकण्यासारखं आहे.

हाउलंड कार्व्हरच्या घरात होता, त्यानं त्याच घरातल्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा ती कार्व्हरचीच मुलगी किंवा नात असणार असा समज घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. वंशजांनी प्लिमथच्या बरियल हिल दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड बसवला तेव्हा हेच त्यावर कोरलं. एकदा दगडावर चढलं की खोटंही खरं होतं.

ब्रॅडफर्डचं हस्तलिखित मात्र दरम्यान हरवलेलं होतं. अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनमधून ते नाहीसं झालं आणि १८५५मध्ये सापडलं कुठे, तर लंडनच्या बिशपच्या फुलहॅम इथल्या ग्रंथालयात. त्याच्या शेवटी ब्रॅडफर्डनं जहाजातल्या माणसांची घरनिहाय यादी दिली होती, आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की हाउलंडनं जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी, लग्न केलं. गव्हर्नरचं नातं गेलं. हस्तलिखित १८९७मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत मिळालं आणि त्याच वर्षी हाउलंडच्या थडग्यावर नवा, दुरुस्त मजकुराचा दगड बसला.

एलिझाबेथचा बाप्तिस्मा बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावी ३० ऑगस्ट १६०७ रोजी झाल्याची नोंद आहे. म्हणजे जहाजातून उतरली तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची. त्या पहिल्या हिवाळ्यात तिचे आई, वडील, काका, काकू असे चौघेही गेले. गव्हर्नरची नात असण्यापेक्षा ही हकिकत मला कितीतरी मोठी वाटते, पण दगड कोरणाऱ्यांना बहुधा मोठं नाव हवं होतं. आपल्याकडच्या वंशावळी थेट एखाद्या राजाच्या प्रधानापाशी पोचतात तेव्हा मला हमखास हा दगड आठवतो.

मुलं किती? सगळी जगली?

दहा, आणि दहाही जगली. त्या काळासाठी ही थक्क करणारी गोष्ट आहे. डिझायर, जॉन, होप, एलिझाबेथ, लिडिया, हॅना, जोसेफ, जेबेझ, रूथ, आयझॅक. म्हणजे सहा मुली, चार मुलगे. सगळ्यांची लग्नं झाली, सगळ्यांना मुलं झाली. ब्रॅडफर्डनं १६५०च्या सुमारास हिशेब मांडला तेव्हा थोरलीला चार आणि दुसरीला एक मूल होतं, ‘यांचे मिळून १५ झाले’ अशी त्यानं नोंद केली. बेरीज तिथे थांबली नाही, हे सांगायला नको.

थोरल्या डिझायरनं जॉन गोरहॅमशी लग्न केलं आणि तो वंश केप कॉडच्या बार्न्स्टेबलकडे गेला. होपचा नवरा जॉन चिपमन, तोही तिकडचाच. लिडिया जेम्स ब्राउनबरोबर स्वान्सीला. रूथ टॉमस कुशमनच्या घरात. जेबेझ आधी प्लिमथमध्ये, नंतर ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टलला. आयझॅक मिडलबरोला. जोसेफ मागे राहिला आणि बापाचं शेत त्याला मिळालं.

ते शेत कुठे होतं?

रॉकी नुक. प्लिमथच्या उत्तरेला खाडीत घुसलेला खडकाळ कोपरा, आता किंग्स्टन गावात मोडतो. १६३८-३९च्या सुमारास हाउलंडनं ते विकत घेतलं आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. जागा अजून आहे, जमीन वंशजांच्या संस्थेकडे आहे, घराच्या पायाचं उत्खनन झालेलं आहे. तिथे पाहायला गवत आणि वारा. पाहुण्यांना मी नेत नाही, एकटी जाते.

नुसत्या मक्यावर एवढी जमीन घेता येत होती?

नाही. पैसा बीव्हरच्या कातड्यांत होता. वसाहत लंडनच्या सावकारांच्या कर्जात बुडालेली होती. १६२६मध्ये १८०० पौंडांवर तडजोड झाली, दरसाल २०० पौंड, नऊ वर्षं. प्लिमथच्या आठ जणांनी हे कर्ज अंगावर घेतलं आणि बदल्यात कातड्यांच्या व्यापाराचा मक्ता घेतला. त्या आठांत ब्रॅडफर्ड होता, वसाहतीचा सेनाप्रमुख स्टँडिश होता आणि सहा-सात वर्षांपूर्वी नोकर म्हणून आलेला हाउलंडही होता.

१६३४ साली तो आजच्या मेन राज्यात, केनेबेक नदीवरच्या ठाण्याचा प्रमुख होता. हॉकिंग नावाचा दुसऱ्या वसाहतीचा माणूस मक्ता धुडकावून नदीत वर आला आणि नांगर टाकून बसला. हाउलंडनं त्याच्या होडीचे दोर कापायला माणसं पाठवली. हॉकिंगनं बंदूक उचलून दोर कापणाऱ्या मोझेस टॅलबटला ठार केलं. टॅलबटच्या सोबत्यानं हॉकिंगला गोळी घातली. गंमत अशी की या भानगडीत बॉस्टनमध्ये अटक झाली ती जॉन ऑल्डनला, म्हणजे गायीतल्या त्या भागीदाराला. तो बिचारा फक्त तिथे हजर होता.

एरवी साधाभोळा दिसणारा हाउलंड इथे मला वेगळा दिसतो. दोर कापायला सांगताना त्याला रक्त सांडेल असं वाटलं नसेल का?

मृत्युपत्राच्या आधीच तो मेला कसा?

हा प्रश्न हुशार पाहुणेच विचारतात. त्याचं मृत्युपत्र २९ मे १६७२चं आहे, आणि मृत्यूची जुनी नोंद २३ फेब्रुवारी १६७२ची. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुणीतरी आकडा चुकवलाय असं समजून माझ्या वहीत तारीख ‘दुरुस्त’ करून ठेवली होती आणि त्यावर आधारलेलं पान नंतर फाडावं लागलं.

इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे १६७२चा मे आधी येतो आणि १६७२चा फेब्रुवारी नंतर, वर्षाच्या शेवटी. शके मोजणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. एकाच शकात वैशाख आधी, माघ नंतर. आजच्या हिशेबानं तो १६७३च्या फेब्रुवारीत गेला, म्हणून अभ्यासक ‘१६७२/३’ असं जोडून लिहितात. शिवाय सतराव्या शतकात इंग्रजी आणि युरोपातल्या सुधारित कॅलेंडरमध्ये दहा दिवसांचा फरक होता, तो वेगळाच. घराण्याचे कागद पाहताना जानेवारी ते मार्चची कुठलीही जुनी तारीख दिसली की आधी थांबायचं.

मृत्युपत्रात काय होतं?

मुलग्यांना जमिनी. थोरल्या जॉनला टाँटन नदीकडची शंभर एकर, आयझॅकला मिडलबरोकडची, जोसेफला रॉकी नुकचं घर आणि शेत, पण आईच्या मागे. तिच्या हयातीत घराचा उपभोग तिचा. सहा मुलींना प्रत्येकी वीस शिलिंग.

वीस शिलिंग म्हणजे एक पौंड. शंभर एकरांपुढे काहीच नाही. अन्याय आहेच, आणि तो त्या काळी तिकडेही होता, इकडेही होता. पण याच वीस शिलिंगांपायी वकिली कागदात सहाही मुलींची नावं सासरच्या आडनावांसकट उतरली: डिझायर गोरहॅम, होप चिपमन, एलिझाबेथ डिकन्सन, लिडिया ब्राउन, हॅना बॉस्वर्थ, रूथ कुशमन. आज जे स्वतःला हाउलंडचे वंशज म्हणवतात त्यांच्यातल्या बहुतेकांचं आडनाव हाउलंड नाही. त्यांची वाट या सहा नावांतल्या कुठल्यातरी एकातून जाते.

आपले जुने कुलवृत्तांत काढून बघा. मुलीचं नाव असलंच तर कंसात, ‘अमुक गावच्या तमुकांस दिली’ इतकंच, आणि रेघ तिथे तुटते. तिच्या मुलांचा शोध दुसऱ्या कुलवृत्तांतात घ्यायचा, तो छापला असेल तर. माझ्या स्वतःच्या पणजीचं माहेरचं नाव मला अजून मिळालेलं नाही. हाउलंडच्या मुलीनं तिच्या मुलीला काय दिलं हे मात्र मी सांगू शकते.

पण ही जमीन होती कोणाची?

वांपानोआग या मूळनिवासी लोकांची. प्लिमथ वसलं त्या जागेवर त्यांचं पटक्सेट गाव होतं. १६१६ ते १६१९च्या साथीत ते सगळं गाव मेलं. मक्याची शेतं तयार होती, माणसं नव्हती. टिस्क्वांटम त्याच गावचा. १६१४मध्ये एका इंग्रज कप्तानानं त्याला पळवून स्पेनमध्ये विकलं होतं, म्हणून तो साथीतून वाचला. १६१९ला घरी परत आला तेव्हा घर नव्हतं.

१६२१च्या वसंतात मॅसासॉइट या वांपानोआग प्रमुखाशी तह झाला आणि तो हयात असेपर्यंत टिकला. पण हाउलंडची दहा मुलं आणि शेजाऱ्यांची तितकीच मुलं, प्रत्येकाला जमीन हवी. टाँटन, मिडलबरो, स्वान्सी, ब्रिस्टल ही मुलाजावयांची गावं नकाशावर जोडली तर वसाहत कुठल्या दिशेनं पसरली ते दिसतं. जून १६७५मध्ये मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम याच्याशी युद्ध पेटलं, आणि पहिला भडका स्वान्सीतच उडाला. लिडियाचा नवरा जेम्स ब्राउन युद्ध टाळण्यासाठी मेटाकॉमशी बोलणी करायला गेला होता. डिझायरचा नवरा कॅप्टन गोरहॅम त्याच युद्धाच्या मोहिमेत आजारी पडून १६७६च्या सुरुवातीला वारला. वांपानोआगांची हानी याच्या कैक पट: मेटाकॉम ऑगस्ट १६७६मध्ये मारला गेला आणि पकडलेल्या अनेकांना कॅरिबियन बेटांवर गुलाम म्हणून विकलं गेलं. ब्रिस्टल, जिथे जेबेझ नंतर राहायला गेला, ते मेटाकॉमच्या स्वतःच्या मुलखातलं. हाउलंडच्या वंशावळीचं पान छापताना हे पान गाळता येत नाही.

अमेरिकेतले सगळे हाउलंड याचेच वंशज का?

नाही. त्याचे दोन भाऊ, आर्थर आणि हेन्री, मागाहून आले आणि त्यांचे वंश वेगळे. न्यू बेडफर्डचे व्हेलच्या तेलावर गब्बर झालेले हाउलंड हेन्रीच्या शाखेतले. वॉल स्ट्रीटवर गाजलेली कंजूष कोट्यधीश हेटी ग्रीन त्यातलीच.

भाऊ क्वेकर या, वसाहतीला नकोशा असलेल्या ख्रिस्ती पंथाकडे झुकलेले, त्यामुळे घरात कायम कोर्टकचेऱ्या. हेन्रीचा मुलगा झोएथ म्हणाला की चर्चमध्ये खोटं ऐकायला मी जाणार नाही, तसलं प्रवचन सैतानही देईल. त्याला खोड्यात अडकवून बसवलं. आर्थरच्या मुलाची गोष्ट त्याहून रंगतदार. तो गव्हर्नर टॉमस प्रेन्सच्या मुलीच्या प्रेमात पडला. बापाच्या परवानगीवाचून मुलीला मागणी घालणं हा गुन्हा होता आणि बाप म्हणजे खुद्द गव्हर्नर. १६६०मध्ये पाच पौंड दंड. सात वर्षांनी, १६६७मध्ये, पुन्हा कोर्टात, पुन्हा दंड. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोघांचं लग्न लागलं.

प्रसिद्ध वंशज कोण?

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, दोन्ही बुश, लेखक एमर्सन, नट हम्फ्री बोगार्ट. रूझवेल्ट जोसेफच्या, म्हणजे रॉकी नुक मिळालेल्या मुलाच्या शाखेतून येतात. ‘तो दोर सुटला असता तर’ असं म्हणून ही यादी वाचायची इथे पद्धत आहे.

मला त्याचं फार अप्रूप नाही. बारा पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाला ४,०९६ पूर्वजांच्या जागा असतात. दहाच्या दहा मुलांचे संसार फळले की चारशे वर्षांत कुणी ना कुणी राष्ट्राध्यक्ष व्हायचाच.

आमच्या सुनेच्या माहेरचे म्हणतात की ते हाउलंडचे वंशज. कसं पडताळायचं?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वाढलाय. नातवंडांच्या निमित्तानं विचारतात, आणि विचारताना आवाज जरा खाली जातो, व्याह्यांवर संशय घेतल्यासारखा. तसं काही नाही, त्यांनाही कदाचित माहीत नसेल.

खालून वर जायचं, वरून खाली नाही. सगळी फसगत हाउलंडपासून सुरुवात केल्यानं होते. आधी सुनेचा जन्मदाखला, मग तिच्या आईवडिलांचा विवाहदाखला, मग आजीआजोबांचे. प्रत्येक पायरीला कागद. शिरगणती १७९०पासून आहे, पण १८५०च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकी डोकी. १८९०चे कागद १९२१च्या आगीपायी जवळजवळ सगळे गेले, तेव्हा १८८० आणि १९००मध्ये वीस वर्षांची दरी पडते आणि ती शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या, चर्चची पुस्तकं, थडग्यांचे दगड यांनी बुजवावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यपातळीवरची जन्ममृत्यू नोंद १८४१पासून, त्याआधीचं गावोगावच्या दप्तरात.

असं करत अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोचलात की पुढचं सोपं, कारण मेफ्लॉवर वंशजांची संस्था १८९७पासून काम करते आणि तिनं पहिल्या पाच पिढ्या कागदपत्रांनिशी छापल्या आहेत. तुमची साखळी त्या पाचव्या पिढीला अडकली की झालं. मधली एक कडी नुसती ‘आजी सांगायची’ अशी असेल तर संस्था अर्ज परत पाठवते. बरोबरच करते. कार्व्हरची नातही आजीच सांगायची.

इंटरनेटवरच्या तयार वंशावळी पुरावा धरू नका. एकाची चूक हजारांनी उतरवलेली असते.

डीएनए तपासणीनं कळणार नाही का?

फारसं नाही. वाय गुणसूत्रावरची तपासणी फक्त बाप-मुलगा-नातू या सरळ रेषेत चालते, आणि आपल्या वंशजांची वाट तर मुलींतून जाते. आईकडची तपासणी फक्त आई-मुलगी-नात अशी. साध्या तपासणीत बारा पिढ्यांमागच्या एका माणसाचा अंश बहुतेक वेळा शून्यच निघतो. कागद गोळा करा.

त्याचं चित्र किंवा फोटो?

नाही. मेफ्लॉवरच्या उतारूंपैकी समोर बसून काढलेलं चित्र फक्त एडवर्ड विन्स्लोचं आहे. बाकी सगळे कल्पनेतले.

मग सँडविच स्ट्रीटवरचं ते घर कोणाचं?

जेबेझचं. १६६७च्या सुमारास बांधलेलं. मेफ्लॉवरमधून आलेली माणसं ज्या छपराखाली खरोखर राहिली असं प्लिमथमधलं हे एकमेव उभं घर. जॉन आणि एलिझाबेथ इथे मुलाकडे राहायला येत. जेबेझनं १६८०मध्ये ते विकलं. १९१२पासून ते हाउलंडच्या वंशजांच्या संस्थेकडे आहे. आत गेल्यावर पायाखालच्या फळ्या करकरतात आणि उंच माणसाला दारात वाकावं लागतं.

नवरा गेल्यावर एलिझाबेथचं काय झालं?

चौदा वर्षं जगली. शेवटी स्वान्सीला, मुलीकडे, लिडियाकडे होती. डिसेंबर १६८७मध्ये, ऐंशी वर्षांची होऊन वारली. तिची कबर नवऱ्याजवळ नाही. ती ऱ्होड आयलंडमध्ये, ईस्ट प्रॉव्हिडन्सच्या लिटल नेक दफनभूमीत आहे.

वर्षभर आधी तिनं स्वतःचं मृत्युपत्र केलं. त्यात जमीन नाही, कारण जमीन तिची नव्हतीच. चादरी आहेत, उशांचे अभ्रे आहेत, घोंगड्या आहेत. थोरल्या जॉनला धर्मसुधारक टिंडेलचे ग्रंथ. जोसेफला वजन करायचा दांडीचा काटा. जेबेझला पिसांची गादी, जी त्याच्याकडेच होती. आयझॅकला बायबलातल्या ‘रोमकरांस पत्र’ यावरचं भाष्य आणि पितळेचा मोठा हंडा. तो हंडाही आयझॅक आधीच घेऊन गेला होता; म्हातारीनं तेवढं लिहून ठेवलंय.